भोकाची भाकरी

कडक भाकरीला भोक नसतं. हे सांगायची वेळ सोलापुरात कुणावर येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. आणि आली ती बाळीवेशीतल्या नागम्मा हत्तुरेवर, जिच्या कडक भाकरीला उभ्या गल्लीत कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. समोरची सोनाबाई सोडून. पण सोनाबाई वैरागची. तिला भाकरी मऊ लागते, पापुद्रा सुटलेली, दुधात कुस्करायची. तोंडात सगळे दात असून दुधात कुस्करून खाणाऱ्या बाईचं मत धरायचं कशाला?

सुरुवात झाली ती नातीपासून. नातीचं नाव धनलक्ष्मी. हे नाव नागम्मानं स्वतः बारशाला कानात सांगितलं होतं, चांगलं खणखणीत, दारातून हाक मारली तर चौकापर्यंत जाईल असं. कॉलेजात गेल्यावर त्याचं झालं ‘धनू’, आणि मैत्रिणींनी पुढं केलं ‘डॅना’. लक्ष्मी कुठं सांडली कुणास ठाऊक. ही पोर अन्नशास्त्र शिकत होती. चहा ठेवायला सांगितला तर दूध ओट्यावरून खाली मोरीपर्यंत पोचवायची, पण अन्नाचं शास्त्र शिकत होती.

एक दिवस ती उड्या मारतच घरी आली. तिच्या कॉलेजानं परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजाशी सोयरीक जमवली होती. निवडक पोरींना तीन आठवडे तिकडं नेणार, तिथलं खाणंपिणं आणि चालीरीती शिकवणार. देशाचं नाव स्वीडन.

“सुईडन,” नागम्मानं नाव तोंडात घोळवून पाहिलं. “तितं काय खात्यात?”

“तेच तर शिकायला जायचंय, आज्जी.”

“आनी हितं काय खात्यात ते झालं व्हय शिकून?”

धनलक्ष्मीनं मोबाईल कानाला लावला. हल्लीच्या पोरांना अवघड प्रश्न विचारला की नेमका त्यांचा मोबाईल वाजतो.

पण पुढं तिनं जे सांगितलं, त्यानं नागम्माचे कान टवकारले. प्रत्येक पोरीनं आपल्या घरचा एक पदार्थ बरोबर न्यायचा होता, आणि तिथल्या लोकांना खाऊ घालून त्याची गोष्ट सांगायची होती.

“मी काजूकतली नेऊ का?” धनलक्ष्मीनं विचारलं.

“काजू कुटं पिकतो गं बाळीवेशीत? कडक भाकरी जाईल. वर शेंगांची चटणी.”

“आज्जी, ती तिकडं पोचेपर्यंत...”

“म्हैनाभर टिकती. तुज्या इमानापरास जास्त टिकती.”

आता खरं सांगायचं तर नागम्माला परदेशाचं काही पडलेलं नव्हतं. तिला एक वाक्य हवं होतं. चार परक्या माणसांपुढं नातीनं उभं राहावं आणि म्हणावं, ही माझ्या आज्जीची. बस. जन्मभर त्या घरात भाकरीला दाद मिळाली ती ढेकरानं. तोंडानं कधी कुणी दिली नव्हती. नवरा होता तो धोंडप्पा, तो तर भाकरी चांगली झाली की जास्त खायचा आणि बिघडली की बोलायचा. नातीला बोलायला तर कॉलेज शिकवत होतं. मग बोलेल की.

झालं. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आली. निवडली, पाखडली, गिरणीत स्वतः उभं राहून दळून आणली, कारण गिरणीवाल्यानं आधी कुणाचा गहू दळला असेल तर त्याचा विश्वास काय. कडक भाकरी करणं म्हणजे नुसतं थापणं नव्हे. पातळ इतकी थापायची की खालच्या परातीची नक्षी दिसली पाहिजे. तव्यावर फडक्यानं दाबत दाबत भाजायची, मग मंद आचेला उभी करून वाळवायची. फुगली की संपलं. फुगते ती सोनाबाईची.

कडक भाकरीचा लोक एक अवगुण सांगतात. ती चोरून खाता येत नाही. कुठल्याही कोपऱ्यात जाऊन बसा, पहिल्या घासाला कुर्रकन् वाजते आणि सगळ्या घराला कळतं. नागम्मा ह्याला अवगुण म्हणत नसे. तिच्या मते घरात अशी एक तरी वस्तू असावी, जी खोटं बोलत नाही.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ले सुरू झाले. पहिला आला शेजारचा प्रभुलिंगअण्णा. हा पालिकेतून निवृत्त झालेला. नोकरीत असताना त्याला कुणी काही विचारलं तर तो सांगायचा नाही, आणि आता कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

“नागम्माक्का, विमानतळावर कुत्री असतात. बॉम्ब हुंगणारी. तुमच्या चटणीत लसूण आहे. कुत्रं भुंकलं की पोरगी आत.”

“भुकू द्या की. वास आवडला तर त्यालाबी एक तुकडा देऊ.”

“चेष्टा नाही. आणि तिकडून घड्याळ आणायला सांगा. स्वित्झर्लंडची घड्याळं एक नंबर.”

“अण्णा, स्वीडन,” धनलक्ष्मी म्हणाली. “स्वित्झर्लंड नाही.”

“तेच गं. एका गावाच्या दोन वेशी,” असं म्हणून अण्णांनी भूगोल मिटवला.

मग सोनाबाई आली. उंबऱ्यातच उभी राहिली, कारण आत आली की तिला कामाला लावायची नागम्माची सवय तिला ठाऊक होती.

“कशाला पाठीवतीस गं ती कौलं?” ती म्हणाली. “एकाद्या गोऱ्याचा दात पडला तर पोरीवर केस हुईल.”

“तुजा पडला का अजून?”

“मी खातीया कुटं!”

“मग बोलतीस कशाला?”

सल्ल्यांचं एक वेळ ठीक, कागदांचं काय? कॉलेजातल्या बाईंनी निरोप पाठवला की घरच्या पदार्थाला अधिकृत कागद पाहिजे, नाहीतर तो सामानात घेता येणार नाही. म्हणून नागम्माचा मुलगा सोमशेखर, म्हणजे धनलक्ष्मीचा बाप, आपलं चादरी-टॉवेलचं दुकान बंद ठेवून सात रस्त्याच्या पलीकडं एका कार्यालयात गेला. नागम्मा बरोबर. पोराच्या तोंडून काम होत नाही हे तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं.

तिथल्या साहेबानं विचारलं, “भाकरी कुठल्या कारखान्यात होते?”

“चुलीवर,” नागम्मा म्हणाली.

“म्हणजे घरगुती. घरगुतीला आम्ही प्रमाणपत्र देत नाही.”

“मग देत न्हाय म्हणून लिहून द्या.”

“तसं लिहून द्यायचा आम्हाला अधिकार नाही.”

“मग अधिकार न्हाय म्हणून तरी लिहून द्या!”

साहेबानं चष्मा काढला, नागम्माकडं पाहिलं, आणि चष्मा परत घातला. बहुधा काढल्यावरही ती तेवढीच दिसली असावी. शेवटी त्यानं मेहरबानी केल्यासारखं सांगितलं, डब्याला नीट छापील पट्टी लावा, काय काय घातलंय ते लिहा, बघतील ते बघतील.

म्हणजे आता छपाईचं दुकान. दुकानदार कॉम्प्युटरवर टाइप करायला बसला.

“वस्तूचं नाव?”

“कडक भाकरी.”

त्यानं इंग्रजीत काहीतरी टाइप केलं. धनलक्ष्मीनं वाचून दाखवलं, ‘हार्ड ब्रेड’. नागम्माला ते घराण्याची इस्टेट गहाण पडल्यासारखं ऐकू आलं.

“एक्स्पायरी काय टाकू?”

“कशाची?”

“म्हणजे कधीपर्यंत चालेल?”

“भाकरी का मी?”

दुकानदारानं ती जागा मोकळी सोडली. मग नागम्मानं खाली एक ओळ मराठीत टाकायला लावली, चांगल्या ठळक अक्षरात : नागम्मा धोंडप्पा हत्तुरे, बाळीवेस, सोलापूर. तेवढं तिला वाचता येत होतं. शाळा तिची तेवढ्यासाठीच झाली होती असं म्हटलं तरी चालेल. पट्टी भाकऱ्यांच्या फडक्याला चिकटेना, म्हणून तिनं ती स्वतः चटणीच्या डब्याला चिकटवली, आणि वरून तळहातानं अशी दाबली की आतल्या चटणीला समजलं असेल.

धनलक्ष्मी गेली. आधी पुण्याला आत्याकडं, म्हणजे नागम्माची लेक रुद्राणी हिच्याकडं मुक्काम, तिथून मुंबई, तिथून विमान. पांढऱ्या फडक्यात बांधलेली भाकऱ्यांची चळत आणि चटणीचा डबा तिच्या मांडीवर होता. एसटी सुटताना नागम्मा खिडकीशी जाऊन म्हणाली, “गोष्ट सांग बरं का.” पोरगी म्हणाली, “हो गं आज्जी.” ‘हो’ म्हणायला पोरांना कष्ट पडत नाहीत.

आठवड्याभरानं व्हिडिओ कॉल आला. धनलक्ष्मीच्या डोक्यावर लोकरीची टोपी, मागं काळी काळी झाडं आणि पांढरं पडलेलं आभाळ. इकडं एप्रिलचं सोलापूर, पंख्याखाली बसलं तर पंखासुद्धा गरम श्वास टाकत होता.

“भाकरी खाल्ली का त्येंनी?” नागम्मानं पहिलाच प्रश्न घातला. प्रकृती वगैरे नंतर.

“खाल्ली की! लई आवडली सगळ्यांना. बोटं चाटली.”

“चटणी झोंबली न्हाय?”

“नाही. म्हणजे झोंबली, पण आवडली.”

“गोष्ट सांगितलीस?”

“सांगितली.”

“माजं नाव?”

“घेतलं ना आज्जी.” आणि तेवढ्यात पडद्यावर पोरीचं तोंड उघडं राहून थिजलं. नेटवर्क गेलं.

नागम्मानं मोबाईल सुनेच्या, सिद्धेश्वरीच्या हातात दिला आणि पदर खोचला. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले गेले. सोनाबाईला दोन दिले, एक खायला आणि एक जिरायला. प्रभुलिंगअण्णांनी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकली, बाळीवेशीची भाकरी सातासमुद्रापार. त्यावर इतके हात जोडलेले आणि फुलं आली की मंडळाच्या पोरांना सत्कार करावा लागला. सत्कार करायचा तर शाल पाहिजे. एप्रिलात शाल कुठून मिळणार? शेवटी सोमशेखरच्याच दुकानातली चादर आणून नागम्माच्या खांद्यावर घातली. सोलापुरी चादर, दुपदरी, हिवाळ्याची. ती पांघरून, नारळ मांडीवर धरून नागम्मा भर उन्हात मंडपात बसली, आणि प्रभुलिंगअण्णा भाषण करत होते. कानामागून घामाची धार चालली होती. तरी तिनं चादर काढली नाही. मानाची वस्तू घामासाठी कोण काढतं?

घरी येऊन ती टेकते न टेकते तोच रुद्राणीचा फोन.

“अव्वा, भाकऱ्या काय झाल्या होत्या गं! आमच्या ह्यांनी चार दिवसांत चळत संपवली.”

“कंच्या भाकऱ्या?”

“धनू ठेवून गेली ना? बॅग जड झाली म्हणाली. मैत्रिणींनी सगळ्यांनी बाजारच्या खोक्यातल्या मिठाया घेतल्यात, मी एकटी कुठं फडकं सोडू म्हणाली. चटणी अजून आहे. फ्रिजवर ठेवलीय. तुझ्या नावाची पट्टी काय घट्ट बसलीय गं, निघता निघेना.”

नागम्मानं फोन दुसऱ्या कानाला धरला. खांद्यावर चादर तशीच होती.

“बरं,” ती म्हणाली. “खावा.”

फोन ठेवला आणि चादर घडी करून पेटीत टाकली. वाटलं होतं तेवढी ती आता गरम लागत नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, मग तिनं पोरीला विचारलं का नाही? सुनेला का नाही सांगितलं? कसं सांगणार? पेढे लोकांच्या पोटात गेलेले. सोनाबाईच्या तर दोन गेलेले. खोटं बोलली नात आणि मिरवली आज्जी, हे सांगत गल्लीभर फिरायचं का? नागम्मानं ठरवलं, थांबायचं. पोरगी परत आल्यावर आपल्या तोंडानं सांगेल. नागम्माचं रक्त आहे, उशिरा का होईना, सांगेल.

पोरगी परत आली ती अर्धी तिकडचीच होऊन. आल्या आल्या ताटात निम्मा भात ठेवून उठली. त्या घरात ताटात शीत ठेवत नाहीत. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं आणि पिऊन टाकायचं. अन्न प्रसाद असतं, तो मोरीत जात नाही. हे धनलक्ष्मीला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं.

“पोट भरलं की थांबायचं असतं, आज्जी,” ती म्हणाली. “तिकडं कुणी जबरदस्ती करत नाही.”

“जबरदस्ती न्हाय. आधी कमी वाढून घ्यायचं आस्तं. ते तिकडं शिकीवलं न्हाय वाटतं.”

मग तिनं बॅगेतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली, दोन्ही हातांवर धरून, पिंडीवरचं फूल उचलावं तशी. गोल, ताटाएवढी, तपकिरी, अंगावर टोचे मारलेले, आणि मधोमध एक भोक.

“बघा! तिकडची भाकरी. राय नावाच्या धान्याची. कडक असते, महिनोन्‌महिने टिकते. खेड्यातल्या बायका एकदम करून ठेवतात. किती जुनी परंपरा आहे माहितीय?”

नागम्मानं तुकडा मोडून तोंडात टाकला. कुर्र. घरातल्या सगळ्यांनी मान वर केली.

“ही कडक भाकरी हाय की गं.”

“नाही आज्जी! ही वेगळी.”

“भोक कशाला?”

“काठीत ओवून आढ्याला टांगायची. वाळायला.”

“उंदरापायी.”

“वाळायला, आज्जी!”

“उंदरापायीच,” नागम्मा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला त्या परक्या देशातल्या बायकांविषयी जरा आपलेपणा वाटला. कुठंही जा, बाई करते, उंदीर टपून असतो, आणि परंपरा कोण सांगतं तर तिसरंच कुणीतरी.

भाकरी बघायला गल्ली लोटली. प्रत्येकाला नखाएवढा तुकडा. प्रभुलिंगअण्णांनी डोळे मिटून चावला. “आपल्याकडं असलं काही जमत नाही हो. ह्याला संशोधन लागतं.” ज्या माणसानं शेजारी राहून जन्मात नागम्माची भाकरी पाण्यात भिजवल्याशिवाय खाल्ली नाही, तो दुसऱ्या तुकड्याला हात पुढं करत होता. सोनाबाईनं चावून चावून विचार केला आणि म्हणाली, “तुज्यापरास हलकी हाय.” जाता जाता पोटातला पेढा वसूल करून गेली.

नागम्मा वाट बघत होती. पोरगी सगळं सांगत होती, बर्फ, झाडं, मासे, दालचिनीचे पाव. तेवढं सोडून.

आणि एक दिवस संध्याकाळच्या आधी धनलक्ष्मी स्वयंपाकघरात येऊन नागम्माच्या शेजारी पाटावर बसली. शेजारी! मांडीला मांडी लावून. नागम्मानं हातातला चिमटा खाली ठेवला. आता सांगते, तिला वाटलं. सांग बाई. मी ओरडणार नाही. म्हणजे ओरडेन, पण थोडं.

“आज्जी, एक काम होतं.”

“बोल.”

“कॉलेजात कार्यक्रम आहे. तिकडं काय शिकलो ते सांगायचं, आणि पाहुण्यांना तिथला पदार्थ खायला द्यायचा. मी ब्रेडचं नाव दिलंय. पण सगळी भाकरी गल्लीनं संपवली. तर तू... तुझीच भाकरी करशील? फक्त मध्ये भोक पाडून. आणि वर काट्यानं थोडे टोचे. कुणाला कळणार नाही. हुबेहूब होईल.”

“हुबेहूब कुनासारकी?”

“त्यांच्यासारखी.”

चुलीत लाकूड फुटलं. नागम्मानं ते उगाच पुढं सारलं.

“न्हाय केली तर?”

“तर सगळ्यांसमोर माझी फजिती होईल गं.” पोरीचे डोळे भरून आले. ते मात्र खरे होते. खोट्या डोळ्यांची पारख नागम्माला होती, तिनं नवऱ्याच्या बहिणी नांदवल्या होत्या.

“हत्तुऱ्याच्या पोरीची फजिती भायेर व्हायाची न्हाय,” ती म्हणाली. “घरात हुईल ती हुईल.”

शेवटच्या वाक्याकडं धनलक्ष्मीचं लक्ष गेलं नाही. ती गळ्यात पडून गेलीसुद्धा.

ज्वारीच्या भाकरीला भोक पाडून बघा एकदा. आधी पाडलं तर उचलताना भोकापासून कडेपर्यंत चीर जाते. भाजल्यावर पाडलं तर सगळ्या भाकरीचे तुकडे होतात. पहिल्या काही भाकऱ्या अशाच गेल्या. शेवटी नागम्मानं युक्ती काढली. तव्यावर अर्धी भाजली की वरून हळदीच्या डबीचं झाकण दाबायचं, फिरवायचं, आणि मधला गोल उलथन्यानं अलगद उचलायचा. मग काट्यानं टोचे. टोचताना ती प्रत्येक भाकरीची माफी मागितल्यासारखं काहीतरी कानडीत पुटपुटत होती. निदान सिद्धेश्वरीनं तसा समज करून घेतला. शब्द कळले असते तर सून घाबरून माहेरी गेली असती.

“आत्याबाई, हे मधले तुकडे टाकू का?” सिद्धेश्वरीनं विचारलं.

“टाकतीस कुटं? अन्न हाय. त्येबी भाज, कडक कर, डब्यात घाल.”

कार्यक्रमाला घरच्यांसाठी पुढची रांग होती. नागम्मानं इरकल नेसली. सोनाबाईला बरोबर घेतली, म्हणजे ती आपणहून आली. रिक्षात जागा आहे का हे न विचारता बसली. हॉल थंडगार होता. व्यासपीठावर धनलक्ष्मी, मागं पडद्यावर बर्फ, आणि टेबलावर काठीत ओवून टांगलेल्या नागम्माच्या भाकऱ्या.

पोरगी बोलायला लागली. बोलते छान, ह्यात शंका नाही.

“ह्या ब्रेडची गोष्ट मला तिथल्या एका आजींनी सांगितली,” ती म्हणाली. “त्या अजून सगळं हातानं करतात. पीठ स्वतः दळून आणतात, दुसऱ्याच्या गिरणीवर विश्वास नाही. त्यांच्या बोटांना चटक्यांचे डाग आहेत. त्यांना फारसं लिहिता-वाचता येत नाही, पण त्या म्हणतात, ही भाकरी चोरून खाता येत नाही, कारण ती खोटं बोलत नाही.”

टाळ्या पडल्या. मागं कुणीतरी “वा” म्हणालं.

नागम्मा आपल्या बोटांकडं बघत होती. तिला हवं होतं ते वाक्य अखेर आलं होतं, सगळ्या सरंजामासकट. फक्त आज्जी बदलली होती.

मग तबक फिरलं. सोनाबाईनं तुकडा उचलला, चावला, आणि तिचं चावणं मध्येच थांबलं. तिनं नागम्माच्या कुशीत कोपर मारलं.

“नागम्मे. ही तुजी कौलं हायत.”

“गप.”

“गप काय? जलमभर नावं ठिवलीत मी तुज्या भाकरीला. मला वळखू येनार न्हाय व्हय?”

एवढ्या मोठ्या हॉलात, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत, भाकरी ओळखली ती फक्त शत्रूनं. सोनाबाई उठायला लागली. बोलणार होती, तिला दम निघत नाही. नागम्मानं तिचं मनगट धरून खाली बसवलं.

“परदेशी हाय,” ती म्हणाली. “खा.”

सोनाबाईनं एकदा व्यासपीठाकडं पाहिलं, एकदा नागम्माकडं, आणि तिला समजायचं ते समजलं. तबक परत आलं तेव्हा तिनं दोन तुकडे उचलले. जन्मात पहिल्यांदा.

तेवढ्यात प्रमुख पाहुण्या, कुठल्याशा मोठ्या बाई, पुढच्या रांगेशी वाकल्या आणि गोड आवाजात नागम्माला म्हणाल्या, “आजी, जपून हं. कडक असते ही. तुम्हाला सवय नसेल.”

“न्हाय की,” नागम्मा म्हणाली. “बरं झालं सांगितलंसा.”

घरी येईपर्यंत धनलक्ष्मी हवेत होती. तिला ढाल मिळाली होती, फोटो निघाले होते, कुणीतरी विचारलं होतं की असा ब्रेड सोलापुरात कुठं मिळेल, आणि तिनं सांगितलं होतं, इथं नाही मिळत. हेही तिनं हसत हसत सांगितलं. सोमशेखर हसला. सिद्धेश्वरी हसली. नागम्मानं ताटं मांडली.

सगळ्यांना भात, आमटी, वांग्याची भाजी. धनलक्ष्मीपुढं रिकामं ताट ठेवलं, आणि कपाटातून डबा काढून त्यात ओतला. खळखळ आवाज करत लहान लहान गोल तुकडे पडले, झाकणाएवढे, कडक, खमंग भाजलेले.

“हे काय, आज्जी?”

“भोकं.”

“काय?”

“भाकरी तिकडच्या आज्जीची झाली. त्येच्यातलं भोक तेवढं माजं ऱ्हायलं. टाकायचं कसं? अन्न हाय. खा.”

धनलक्ष्मी हसायला गेली, पण कुणी हसत नाही असं पाहून थांबली. बापाकडं पाहिलं, तो आमटीत बघत होता. मग तिनं मान खाली घालून एक तुकडा उचलला.

“नुसतेच?” ती हळूच म्हणाली. “चटणी आहे का?”

“हाय की,” नागम्मा म्हणाली. “पुन्याला. रुद्राणीच्या फ्रिजवर. माज्या नावाची पट्टी लावल्याली.”

तुकडा तोंडाशी जाऊन थांबला. सिद्धेश्वरीनं डाव तसाच पातेल्यात सोडला. बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक गेली, ती घरातून कुणाला ऐकू आली असेल असं वाटत नाही.

नागम्मानं आपलं जेवण उरकलं, ताटात पाणी घातलं, बोटानं फिरवलं, प्याली, आणि ताट उपडं घालून पदराला हात पुसत चुलीपुढं जाऊन बसली. पाठ फिरवून. मागं बघायची तिला गरज नव्हती. कुर्र, असं वाजलं. मग बराच वेळ काही नाही. मग परत कुर्र. एकेक भोक संपत होतं, आणि एकेकाचा आवाज सगळ्या घराला ऐकू जात होता.